टॅबलेट, लिनक्स आणि मधली देवघेव

टॅबलेट केबलने लिनक्स संगणकाला जोडला की फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत बहुतेक वेळा त्याचे नाव लगेच उमटते. नावावर क्लिक केल्यावर मात्र उघडते ती रिकामी खिडकी. फोटो, गाणी, पीडीएफ यांतले काहीच दिसत नाही आणि खापर लिनक्सवर फुटते. वास्तविक यात लिनक्सचा काही दोष नसतो. अँड्रॉइडच्या २०१५ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून केबल जोडल्यावर टॅबलेट आपणहून फक्त चार्ज होतो. फाइली दाखवायच्या की नाहीत, हे टॅबलेटच्या पडद्यावर ठरवावे लागते. वरची नोटिफिकेशनची पट्टी खाली ओढायची, यूएसबीने चार्जिंग चालू असल्याची जी ओळ दिसते तिच्यावर टॅप करायचे आणि ‘फाइल ट्रान्सफर’ हा पर्याय निवडायचा. त्याआधी पडद्याचे लॉक उघडलेले हवे. एसटी स्टँडवर किंवा विमानतळावर चार्जिंगला लावलेल्या टॅबलेटमधला मजकूर कोणी परस्पर ओढून घेऊ नये, यासाठी केलेली ही तजवीज आहे. दर वेळी तीच कसरत करावी लागते हे त्रासाचे खरे, पण ती काढून टाकावी असे नाही.

नावसुद्धा उमटत नसेल, तर संशयाचे पहिले बोट केबलकडे वळवावे. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा असतात. लाल आणि काळी विजेसाठी, पांढरी आणि हिरवी माहितीसाठी. फक्त चार्जिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त केबलमध्ये शेवटच्या दोन तारा घातलेल्याच नसतात, आणि बाहेरून ते कळायला काही मार्ग नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की संगणकाला जोडलेल्या सगळ्या यूएसबी उपकरणांची यादी येते. टॅबलेट जोडून एकदा आणि काढून एकदा ही यादी पाहावी. दोन्ही वेळा ती सारखीच आली, तर सेटिंगमध्ये डोके घालण्याआधी केबल बदलून बघावी, नाहीतर संगणकाचा दुसरा पोर्ट वापरून बघावा.

पेन ड्राइव्ह लावला की कसलीही विचारपूस न होता उघडतो, मग टॅबलेटचेच एवढे सोपस्कार का, हा प्रश्न इथे साहजिकच येतो. सुरुवातीची अँड्रॉइड उपकरणे खरोखरच पेन ड्राइव्हसारखी वागत. केबल लावून परवानगी दिली की त्यांची मेमरी जशीच्या तशी संगणकाच्या ताब्यात जाई. पण एकाच मेमरीवर दोन यंत्रे एकाच वेळी लिहू लागली, तर फाइलींच्या नोंदींचा विचका होतो. म्हणून संगणकाला मेमरी देताना फोनला ती स्वतःपुरती सोडून द्यावी लागे, आणि तेवढा वेळ त्या मेमरीवरची गाणी, फोटो आणि अ‍ॅप फोनला सापडत नसत. शिवाय ही मेमरी विंडोजलाही वाचता यावी म्हणून तिची मांडणी जुन्या फॅट पद्धतीची ठेवणे भाग होते, आणि अ‍ॅपसाठी वेगळा, फाइलींसाठी वेगळा असे तिचे तुकडेही पाडावे लागत.

टॅबलेटसाठी म्हणून बनवलेली अँड्रॉइडची पहिली आवृत्ती, ‘हनीकोंब’, २०११ साली मोटोरोलाच्या झूम टॅबलेटवर आली आणि तिने हा प्रकार बंद केला. त्याच्या जागी आला एमटीपी, म्हणजे मीडिया ट्रान्सफर प्रोटोकॉल. हा मुळात मायक्रोसॉफ्टने गाणी वाजवणाऱ्या छोट्या प्लेअरसाठी घडवलेला, तोही डिजिटल कॅमेऱ्यांतून फोटो उतरवून घेण्याच्या पीटीपी नावाच्या आधीच्या पद्धतीवर बेतलेला. २००८ साली यूएसबीच्या मानकांत त्याला अधिकृत जागा मिळाली. त्यात मेमरी टॅबलेटच्याच ताब्यात राहते. संगणकाची स्थिती सार्वजनिक वाचनालयातल्या देवघेवीच्या खिडकीवर उभ्या राहिलेल्या सभासदासारखी असते: कपाटांपर्यंत जाता येत नाही, चिठ्ठी द्यायची आणि आतून पुस्तक येण्याची वाट पाहायची.

एमटीपीच्या वापरात जे जे खटकते, त्यातले बहुतेक या खिडकीमुळेच. टॅबलेटवरची वर्ड किंवा लिब्रेऑफिसची फाइल जागच्या जागी उघडून दुरुस्त करायला गेले की ती सेव्ह होताना कुरकुर करते, कारण एमटीपीत मुळात अख्खी फाइल द्यायची किंवा अख्खी घ्यायची एवढीच सोय होती. फाइल आधी संगणकावर उतरवावी, तिथे बदलावी आणि मग परत पाठवावी. एका वेळी एकच काम चालते; एक मोठा व्हिडिओ जात असताना शेजारच्या खिडकीत दुसरा फोल्डर उघडायला गेले की तो फिरत राहतो. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये काही हजार फोटो असतील तर यादी यायलाच मिनिटे लागतात, कारण प्रत्येक फोटोची माहिती वेगळी मागवली जाते. टॅबलेटवर गेलेल्या फाइलींवर मूळ तारखेऐवजी पुष्कळदा त्या दिवशीची तारीख पडते. जुन्या आवृत्त्यांत आणखी एक गंमत होती. संगणकाला दिसणारी यादी मेमरीवरून नव्हे, टॅबलेटच्या माध्यम-नोंदवहीवरून बनत असे. त्यामुळे एखाद्या अ‍ॅपने नुकतीच तयार केलेली फाइल टॅबलेटवर दिसायची, पण संगणकावरून पाहिले तर तिचा पत्ताच नसायचा. टॅबलेट बंद करून पुन्हा सुरू केला की ती प्रकट व्हायची.

लिनक्सच्या बाजूला ‘लिबएमटीपी’ नावाची लायब्ररी ही बोलणी करते. ग्नोम या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर आणि केडीई या डेस्कटॉपचा डॉल्फिन, दोघेही पडद्यामागे तिचाच आधार घेतात, म्हणून उबुंटू, मिंट, फेडोरा अशा प्रचलित लिनक्समध्ये वेगळे काही बसवावे लागत नाही. अडचण येते ती दोन प्रोग्रॅमनी एकाच वेळी टॅबलेट मागितला की. पहिला खिडकी अडवून बसतो आणि दुसऱ्याला ‘उपकरण व्यग्र आहे’ अशा अर्थाचा संदेश मिळतो. फोटोंचा एखादा प्रोग्रॅम टॅबलेट लागताच आपोआप उघडत असेल तर तो बंद करावा, टॅबलेट काढून पुन्हा लावावा, म्हणजे काम होते.

आत शिरल्यावर शोधायचे कुठे, हेही माहीत हवे. कॅमेऱ्याचे फोटो ‘डीसीआयएम’ फोल्डरमध्ये असतात. हे नाव कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आलेले आहे. ब्राउझरने उतरवलेले सगळे ‘डाउनलोड’मध्ये सापडते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आणि पीडीएफ नव्या आवृत्त्यांत ‘अँड्रॉइड’ फोल्डरच्या आतल्या ‘मीडिया’ या उपफोल्डरमध्ये खोलवर ठेवलेले असतात, आणि ते न सापडल्याने घरोघरी शोधाशोध होते. त्याच्या शेजारचा ‘डेटा’ हा उपफोल्डर अ‍ॅपच्या खासगी कारभाराचा. २०२० च्या अकराव्या आवृत्तीपासून तो टॅबलेटवरच्या फाइल मॅनेजर अ‍ॅपनाही बंद झाला आहे. एखाद्या अ‍ॅपमध्ये लिहिलेल्या नोंदी बाहेर काढायच्या असतील तर त्या अ‍ॅपमधलाच ‘एक्सपोर्ट’ किंवा ‘शेअर’ वापरावा. केबलने तिथपर्यंत पोचण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये.

वर्षानुवर्षांचे फोटो किंवा एखादा भला मोठा संग्रह हलवायचा असेल तर एमटीपी सोडून एडीबी वापरणे शहाणपणाचे. अँड्रॉइड डीबग ब्रिज हे अ‍ॅप बनवणाऱ्यांचे अवजार आहे, पण त्यातल्या ‘पुश’ आणि ‘पुल’ या दोन आज्ञा कोणालाही जमण्यासारख्या आहेत: पहिली फाइल टॅबलेटकडे ढकलते, दुसरी संगणकाकडे ओढते. त्यासाठी टॅबलेटच्या माहितीच्या पानावर ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा टॅप करावे लागते. त्यातून ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ हे एरवी झाकलेले पान उघडते आणि तिथे यूएसबी डीबगिंग चालू करता येते. केबल जोडल्यावर टॅबलेट संगणकाची ओळख पटवून घेतो आणि परवानगी विचारतो. हजारो फाइलींचा फोल्डर एडीबी एकाच आज्ञेत, मध्ये न अडखळता उतरवते, ‘पुल’ला ‘ए’ हा पर्याय जोडला तर मूळ तारखाही राखते, आणि शेवटी वेग किती मिळाला तो सांगते. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात तिसाच्या आसपास मिळाले तरी १६ गीगाबाइटचा संग्रह नऊ-दहा मिनिटांत येतो. काम झाले की डीबगिंग बंद करावे. ते चालू ठेवलेला टॅबलेट परवानगी दिलेल्या संगणकाला फाइलींपेक्षा बरेच जास्त काही करू देतो.

आयपॅडचे घर वेगळे. त्याला एमटीपी येत नाही. फोटोंपुरता तो कॅमेऱ्यासारखा वागतो, बाकीच्यासाठी अ‍ॅपलची स्वतःची भाषा आहे, आणि ती लिनक्सवर ‘लिबआयमोबाइलडिव्हाइस’ या मुक्त प्रकल्पाने बाहेरून अभ्यास करून उभी केली आहे. केबल जोडल्यावर आयपॅड ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ असे विचारतो आणि पासकोड मागतो. होकार दिला की ग्नोमच्या फाइल मॅनेजरमध्ये त्याच्या दोन नोंदी दिसतात. एकीत फोटो. दुसरीत ज्या अ‍ॅपनी आपला फोल्डर बाहेर दाखवायला संमती दिली आहे तेवढ्यांचीच दालने, उदाहरणार्थ व्हीएलसी. तिथे टाकलेला चित्रपट व्हीएलसीत लगेच वाजतो, पण इतर अ‍ॅपना तो दिसत नाही. आयपॅडची नवी आवृत्ती आली आणि संगणकावरची ही लायब्ररी जुनीच राहिली, की जोडणी अचानक तुटते. अशा वेळी आयपॅड दुरुस्तीला नेण्याआधी लिनक्स अपडेट करून पाहावे. फोटो उघडत नाहीत अशीही तक्रार येते. २०१७ पासून अ‍ॅपलची उपकरणे फोटो एचईआयसी या स्वरूपात साठवतात आणि त्यासाठी लिनक्सवर वेगळा कोडेक लागू शकतो. आयपॅडच्या फोटो सेटिंगमध्ये शेवटी ‘मॅक किंवा पीसीकडे पाठवताना’ असा विभाग आहे; तिथे ‘ऑटोमॅटिक’ निवडले की फोटो नेहमीच्या जेपीईजीत मिळण्याची शक्यता वाढते.

रोजच्या किरकोळ देवघेवीला मात्र केबल काढत बसण्यात अर्थ नाही. घरात वायफाय असेल आणि टॅबलेट व संगणक एकाच राउटरवर असतील, तर बिनतारी मार्ग जास्त सोयीचा पडतो. (ब्लूटूथही आहे, पण सेकंदाला दोन मेगाबिटच्या आसपासच्या त्याच्या वेगाने एक गीगाबाइटचा व्हिडिओ जायला तासाहून जास्त लागतो, आणि आयपॅड ब्लूटूथने फाइली घेतच नाही.) केडीई कनेक्ट हा प्रोग्रॅम २०१३ साली आल्बर्ट वाका या विद्यार्थ्याने गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात सुरू केला. टॅबलेटवर त्याचे अ‍ॅप, संगणकावर त्याचा जोडीदार. ग्नोम वापरणाऱ्यांसाठी ‘जीएसकनेक्ट’ हे विस्तार-रूप आहे. टॅबलेट आणि संगणकाची एकदा ओळख करून दिली की टॅबलेटवरच्या कुठल्याही अ‍ॅपमधून ‘शेअर’ करून फाइल संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये टाकता येते, आणि अँड्रॉइड टॅबलेटची मेमरी संगणकाच्या फाइल मॅनेजरमध्ये फोल्डरसारखी उघडताही येते. केडीई कनेक्टच्या या शेवटच्या सोयीसाठी संगणकावर ‘एसएसएचएफएस’ बसवलेले असावे लागते. ते नसले तर बटण दाबून काहीच घडत नाही.

पाहुण्याच्या टॅबलेटवर एखादी फाइल द्यायची असेल तर लोकलसेंड बरा. त्यात कायमची जोडी जमवावी लागत नाही, खाते उघडावे लागत नाही, आणि तो अँड्रॉइड, आयपॅड, लिनक्स, विंडोज सगळीकडे चालतो. दोन्हीकडे अ‍ॅप उघडायचे, समोरचे नाव निवडायचे, समोरच्याने होकार द्यायचा. फाइल इंटरनेटवर न जाता घरातल्या घरातच फिरते.

समोरचे नाव दिसत नाही, ही बिनतारी मार्गाची कायमची रड. घरातल्या संगणकावर ती बहुधा फायरवॉलची असते. केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ हे पोर्ट लागतात, लोकलसेंडला ५३३१७. फायरवॉल चालू असेल तर ते टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडावे लागतात. वसतिगृह, हॉटेल किंवा कार्यालयाच्या वायफायवर कारण वेगळे. तिथे राउटर एका ग्राहकाचे यंत्र दुसऱ्याला दिसूच देत नाही, आणि सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्य आहे. उपाय सोपा आहे. टॅबलेटचा किंवा फोनचा हॉटस्पॉट चालू करून संगणक त्याला जोडावा. फाइल या दोघांतच फिरत असल्याने मोबाइल डेटा खर्च होत नाही. फक्त संगणकाचे आपोआप होणारे अपडेट तेवढ्या वेळापुरते थांबवावेत.

संगणकावरचा एखादा फोल्डर कायमच टॅबलेटवरून दिसावा असे वाटत असेल, तर सांबा. ऑस्ट्रेलियाच्या अँड्रयू ट्रिजेलने १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम लिनक्सला विंडोजच्या नेटवर्क-फोल्डरची भाषा शिकवतो. आयपॅडच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपला २०१९ पासून ही भाषा मुळातच येते. अँड्रॉइडवर ‘मटेरियल फाइल्स’सारखे अ‍ॅप घ्यावे लागते. सांबाचा पासवर्ड संगणकाच्या लॉगिनपेक्षा वेगळा नेमावा लागतो, आणि ‘पासवर्ड बरोबर असूनही आत घेत नाही’ या तक्रारीचे मूळ निम्म्या वेळा इथेच सापडते. जुन्या टॅबलेटवरच्या अ‍ॅपना या भाषेची फक्त पहिली, आता असुरक्षित ठरलेली आवृत्ती येत असेल तर नवा सांबा त्यांना दारातून परत पाठवतो. ते बदलण्यासाठी सुरक्षा खाली आणण्यापेक्षा अ‍ॅप बदलावे.

याच ट्रिजेलने १९९६ साली पॉल मॅकेरास यांच्याबरोबर आरसिंक लिहिला. दोन ठिकाणच्या संग्रहांत काय बदलले आहे ते ताडून तो फक्त तेवढेच पाठवतो. टॅबलेटवर तो चालवायचा तर टर्मिनलचे अ‍ॅप आणि थोडा सराव लागतो. ज्यांना तो नको, त्यांच्यासाठी सिंकथिंग आहे. २०१३ च्या अखेरीस आलेला हा प्रोग्रॅम ठरवून दिलेले फोल्डर दोन्ही यंत्रांवर सतत सारखे ठेवतो. अँड्रॉइडवरचे त्याचे मूळ अधिकृत अ‍ॅप २०२४ च्या अखेरीस थांबले. आता ‘सिंकथिंग-फोर्क’ वापरतात. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. सारखे ठेवणे म्हणजे बॅकअप घेणे नव्हे. जागा करण्यासाठी टॅबलेटवरून फोटो पुसले की ते काही क्षणांत संगणकावरूनही जातात. सिंकथिंगमध्ये पुसलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती राखण्याची सोय आहे, पण ती आपली आपण चालू करावी लागते.

वायफायही नाही आणि केबलही जमत नाही, तेव्हा टॅबलेटला थेट लावता येणारा ओटीजीचा पेन ड्राइव्ह कामाला येतो. तो कुठल्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे ते पाहावे. फॅट३२ वर चार गीगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटवर मावते, आणि मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याचा तपशील खुला केल्यावर लिनक्सच्या गाभ्यातच त्याला जागा मिळाली. मात्र काही अँड्रॉइड टॅबलेट अजूनही फक्त फॅट३२ ओळखतात. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांना पोचली तरी मजकूर काही वेळ संगणकाच्या मेमरीतच असू शकतो. ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ड्राइव्ह ओढला, तर टॅबलेटवर अर्धवट फाइल निघते.

मराठी नावांच्या फाइली असतील तर आणखी काही गोष्टी आड येतात. लिनक्सवर आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह हे प्रत्येक वेगळे मोजले जाते. म्हणजे मराठी नावाला फार तर ८५ चिन्हे. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्दच अकरा चिन्हांचा, म्हणजे तेहेतीस बाइटचा आहे. शासन निर्णयाच्या पीडीएफला विषयाची अख्खी ओळ नाव म्हणून दिली, तर ती सेव्हच होत नाही किंवा नाव मध्येच तुटते.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘शेतकऱ्यांची’ अशा शब्दांतला अर्धा र हा त्याहून फसवा. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराचा पाय मोडून लिहिला जातो, दुसऱ्यावर साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. टॅबलेटवर टाइप केलेले नाव संगणकावरच्या शोधात सापडत नाही, किंवा एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हे. चिन्हांचीही अशीच गोष्ट. लिनक्सला नावात फक्त तिरपी रेघ चालत नाही. अँड्रॉइडला अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह, तारांकन यांचेही वावडे आहे. ‘मुलाखत १०:३०’ या नावाची ध्वनिफीत टॅबलेटवर जायला नकार देते ती यामुळे. अपूर्णविरामाच्या जागी टिंब दिले की ती जाते.

टॅबलेटवरची मूळ प्रत पुसण्याआधी संगणकावरची ताडून घ्यावी. फोल्डरमधल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळतो का, ही पहिली पायरी. महत्त्वाचे काही असेल तर ‘शा२५६सम’ ही आज्ञा फाइलीच्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढून देते. एक बाइट जरी बदलला तरी आकडा बदलतो. नव्या अँड्रॉइडवर एडीबीच्या शेलमध्येही ती चालते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. आयपॅडवर अशी सोय नाही. तिथून आलेल्या फाइलींतल्या आकाराने सगळ्यांत मोठ्या दोन-तीन संगणकावर उघडून शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात, कारण तुटलेली कॉपी बहुधा त्यांच्यातच सापडते.